कपाटातलं पार्कर पुन्हा लिहितं करताना

गोदरेजच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या कप्प्यात, जुनी पासबुकं आणि विम्याच्या पावत्या यांच्याखाली एक पेन सापडतं. टोपण सोनेरी, अंग काळं किंवा मरून, क्लिप बाणाची. "अगं, हे दादांचं पार्कर!" म्हणत कोणीतरी ते उघडतं आणि कागदावर घासून बघतं. पेन उठत नाही. मग जोर लावला जातो, मग झटकलं जातं आणि शेवटी गॅसवर पाणी चढतं. सत्तर वर्षं धड राहिलेल्या पेनाचा खरा घात या अर्ध्या तासात होतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. जुन्या पेनांचा नाद लागला त्या पहिल्याच वर्षी मी एक काळंभोर एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, पेन रात्रभर गरम पाण्यात ठेवलं होतं. सकाळी ते गोवरीच्या रंगाचं होऊन बाहेर आलं. अजून माझ्याकडे आहे, लिहितं छान, पण पाहुण्यांसमोर काढत नाही.

असं पेन ज्यांच्या हातात पहिल्यांदाच आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणाला पार्कर ५१ घेतलं आहे, कारण घराघरांतून निघणाऱ्या विलायती पेनांत माझ्यासमोर तेच सगळ्यांत जास्त वेळा आलं आणि नवख्या माणसाच्या चुका सोसण्याची ताकदही त्याच्यातच जास्त आहे. बाकीच्या पेनांचं वेगळं काय, ते ओघात येईलच.

पहिली पायरी: आधी ओळख पटवा

पेन पाण्याजवळ नेण्याआधी उजेडात घेऊन बसा. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं दहापटीचं भिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालतो. टोपणाच्या काठावर आणि अंगावर बारीक अक्षरांत काय कोरलंय ते वाचा. प्रत्येक बाजूचे फोटो काढा. निबेचा फोटो अगदी जवळून घ्या. हे फोटो पुढे उपयोगी पडणार आहेत.

पार्कर ५१ ओळखणं सोपं आहे. त्याची निब जवळजवळ दिसतच नाही. पेनाचं तोंड चोचीसारखं निमुळतं होत जातं आणि त्या टोपडीखालून निबेचं टोक तेवढं डोकावतं. कंपनी १८८८ची. तिच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९३९मध्ये, हे पेन तयार झालं म्हणून नाव ५१. बाजारात ते १९४१ साली आलं. अंग ल्युसाइट नावाच्या अ‍ॅक्रिलिकचं आहे, त्यामुळे ते पाण्याला घाबरत नाही आणि रंगही सोडत नाही. 'मेड इन यूएसए' असेल तर ते अमेरिकेतलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा ससेक्समधल्या न्यूहेवनच्या कारखान्यातलं.

इथे एक कडू गोष्ट सांगून टाकतो. तसल्याच चोचीचं, तसल्याच चकचकीत टोपणाचं आणि बाणासारख्या क्लिपचं शांघायचं हीरो पेन आपल्याकडे घरोघरी होतं. 'पार्कर, पार्कर' म्हणत उघडलेल्या डब्यांतून मला हीरो ६१६ कितीतरी वेळा मिळालं आहे. त्याने हिरमुसू नका. आजोबांनी त्याच पेनाने मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या असतील, तर ते आजोबांचंच पेन. फक्त त्याच्या दुरुस्तीवर किती खर्च करायचा याचा हिशेब बदलतो.

आता ५१च्या अंगाचं मागचं टोक बघा. तिथे एक बारीक रेघ दिसते का आणि ते टोक फिरवून निघेल असं वाटतं का? वाटत असेल तर तुमच्याकडे १९४८च्या आधीचा व्हॅक्युमॅटिक प्रकार आहे. त्यात एक दट्ट्या आणि त्याला जोडलेला रबरी पडदा असतो. इतक्या वर्षांत तो पडदा हमखास गेलेला असतो आणि बदलायला खास हत्यार लागतं. असं पेन घरी उघडायचं नाही, थेट कारागिराकडे न्यायचं.

मागचं टोक अखंड असेल तर तो १९४८पासूनचा एरोमेट्रिक प्रकार. अंग फिरवून काढलं की आत धातूची नळी आणि तिच्यावर दाबायची पट्टी दिसते. पट्टी किती वेळा दाबायची हेही त्या नळीवर कोरलेलं असतं. नळीच्या आतली शाईची पिशवी रबराची नसून पारदर्शक प्लॅस्टिकची आहे आणि इथेच पार्करच्या लोकांनी कमाल केली आहे. सत्तर वर्षांनंतरही ती पिशवी मऊ राहिलेली असते. त्यामुळे 'बंद पडलेलं' एरोमेट्रिक ५१ बहुतेक वेळा बिघडलेलं नसतंच, त्यात शाई वाळून बसलेली असते.

तुमचं पेन ५१ नसेल तर तीन प्रश्न विचारा. अंगाच्या बाजूला नखाने उचलायची धातूची पट्टी आहे का? असेल तर ते तरफेचं पेन. शेफर, इस्टरब्रुक, इंग्लिश कॉनवे स्ट्युअर्ट यांची असंख्य पेनं अशी असतात. ती पट्टी उचलून बघण्याचा मोह टाळा. आतली रबरी पिशवी वाळून पापडासारखी झालेली असते आणि जोर लावला की पट्टी तरी मोडते किंवा अंगाला चीर तरी जाते. पेन कानाशी धरून हळूच हलवा. आत खुळखुळ वाजलं तर ते पिशवीचे तुकडे समजा. दुसरा प्रश्न, मागची मूठ फिरते का? फिरत असेल तर ते पेलिकनसारखं दट्ट्याचं पेन. फिरत नसेल तर पिळू नका. तिसरा, आत काहीच यंत्र नाही, नुसती पोकळ नळी आहे? मग ते ड्रॉपरने शाई भरायचं पेन. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांपासून अनेक देशी एबोनाइट पेनं याच जातीची. त्यात बिघडण्यासारखं काही नसल्यामुळे ती सगळ्यांत आधी लिहिती होतात.

मग नाकाचा उपयोग करा. अंग कोरड्या सुती फडक्याने जोरात चोळा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड नावाचं जुनं प्लॅस्टिक, कारण ते बनवतानाच त्यात कापूर घालतात. गंधकाचा, जळक्या रबरासारखा वास आला तर एबोनाइट. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं, तेव्हा सुई तापवून टोचण्यासारख्या परीक्षा करायच्या नाहीत. एबोनाइट पाण्याने आणि उन्हाने रंग बदलतं, त्याचं प्रात्यक्षिक वर दिलंच आहे. तिसरा एक प्रकार म्हणजे केसीन, दुधातल्या प्रथिनापासून केलेलं. सुंदर संगमरवरी रंगांची काही जुनी इंग्लिश पेनं त्याची असतात. ते पाण्यात फुगतं आणि तडकतं. ओळख पटत नसेल तर अंग बुडवायचंच नाही, फक्त निब ओली करायची.

दुसरी पायरी: थंड पाणी आणि दम

एका वाटीत साधं, घरातल्या हवेइतक्या तापमानाचं पाणी घ्या. बोअरचं जड पाणी नको, त्याचे पांढरे डाग आत बसतात. पिण्याचं गाळलेलं चालेल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर त्याहून बरं. एरोमेट्रिक ५१चं अंग काढून बाजूला ठेवा. अंग आणि तोंड यांच्यामध्ये असलेलं धातूचं कडं सुटं होऊन पडू शकतं. ते मोरीत गेलं तर पुन्हा मिळणं कठीण, म्हणून हे काम बेसिनवर न करता टेबलावर ताट ठेवून त्यात करा.

चोच बुडेल एवढ्याच पाण्यात पेन उभं ठेवा. पट्टी दाबा आणि सोडा. बुडबुडे आले तर वाट मोकळी आहे. काहीच आलं नाही तर शाईने वाट अडवली आहे किंवा पिशवीला भोक आहे, आणि हे लगेच कळत नाही. पेन तसंच रात्रभर राहू द्या. सकाळी वाटीतलं पाणी निळं किंवा जांभळं झालेलं दिसेल. पाणी बदला, पुन्हा दहा-वीस वेळा पट्टी दाबा, पुन्हा ठेवा. ५१च्या चोचीत पंख्यासारख्या असंख्य बारीक चकत्या असतात. जास्तीची शाई त्यांत थांबते म्हणून पेन ओकत नाही, पण वाळलेली शाईही त्यांतच दडून बसते. मी एक पेन नऊ दिवस भिजवलं होतं. आठव्या दिवशी वाटलं झालं, नवव्या दिवशी हिरवी शाई निघाली. कोणीतरी कधीतरी निळ्यावर हिरवी भरली होती.

चार दिवसांत फरक पडला नाही तर नऊ भाग पाण्यात एक भाग साधा घरगुती अमोनिया आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून तास-दोन तास ठेवा, मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. हे मिश्रण केसीनला आणि अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीच कुठल्याच पेनाला लावायचं नाही. स्पिरिटने प्लॅस्टिकची पिशवी खराब होते आणि अ‍ॅसिटोनने सेल्युलॉइड विरघळतं.

पाणी स्वच्छ निघू लागलं की निब खाली करून पेन टिपकागदावर किंवा टिश्यूवर रात्रभर उभं ठेवा. कागद उरलंसुरलं ओढून घेतो. मग शाईत टाकासारखं बुडवा आणि लिहून बघा. लिहिलं तर पट्टीने पूर्ण भरून बघा. यातच काम झालं तर दुरुस्तीचा खर्च वाचला आणि पुढचा अर्धा लेखही.

तिसरी पायरी: काय करायचं नाही ते ठरवा

घरच्या उपायांनी जमलं नाही तर पेन कारागिराकडे जाणार. त्याआधीची ही पायरी लोक विसरतात आणि नंतर हळहळतात. 'ठीक करून द्या' एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस त्याच्या समजुतीप्रमाणे ठीक करतो, आणि बहुतेकांच्या समजुतीत ठीक म्हणजे चकचकीत.

माझ्या आत्याकडे तिच्या वडिलांची दोन पेनं होती. एक तिने काही वर्षांपूर्वी एका दुकानात दिलं. परत आलं ते आरशासारखं, पण अंगावर कोरलेलं आजोबांचं नाव गेलं होतं. बफच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकाखाली ती बारीक अक्षरं दोन मिनिटांत घासली गेली. दुकानदाराने मनापासून काम केलं होतं, पैसेही वाजवी घेतले. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसरं पेन माझ्याकडे देताना आत्या एकच वाक्य बोलली, "चमकवू नकोस, लिहितं कर." तेव्हापासून कोणाचंही पेन हातात घेताना मी आधी हेच विचारतो, की यातलं काय जसंच्या तसं राहायला हवं?

सर्वसाधारणपणे कामाचे तीन थर असतात. पहिला, आतून साफ करून आणि गेलेला रबरी भाग बदलून पेन लिहितं करणं. दुसरा, निब जुळवणं. तिसरा, बाहेरचं रूप, म्हणजे ओरखडे, टोपणाचे पोचे, उडालेला मुलामा. पहिला थर जवळजवळ नेहमी करून घ्यावा. दुसरा गरज असेल तरच. तिसऱ्याबद्दल माझं मत कडक आहे. घरचं पेन असेल तर करू नये. टोपणावर दातांच्या खुणा असतात त्या पोचे नव्हेत, कोणाच्या तरी विचार करण्याच्या सवयी आहेत. विकण्यासाठी घेतलेल्या पेनाची गोष्ट वेगळी, पण कंपनीची अक्षरं पुसलेल्या पेनाची किंमत जाणकारांत उलट उतरते.

चौथी पायरी: आत काय होणार ते समजून घ्या

कारागिराशी बोलता यावं एवढ्यापुरतं हे माहीत हवं. जुन्या पेनांचे बरेच सांधे चपड्याने बसवलेले असतात. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये भिजवतो तोच लाखेचा चपडा. पाण्याला तो दाद देत नाही, पण ऊब लागली की मऊ होऊन सांधा सोडतो. पेन पुन्हा कधीतरी उघडावं लागणार हे धरूनच तो वापरला जायचा. म्हणून चांगला कारागीर कोरड्या, मंद उष्णतेने, सांधा फिरवत फिरवत शेकतो आणि दर थोड्या वेळाने हाताने अजमावतो. चपडा मऊ होतो त्याच्या जवळपासच सेल्युलॉइडही मऊ होऊ लागतं, त्यामुळे घाई करणाऱ्याच्या हातात पेन केळ्यासारखं वाकतं. मेणबत्ती, लायटर किंवा गॅसची ज्योत वापरणारा कारागीर दिसला तर नमस्कार करून निघा. झटपट चिकटणारा गोंद वापरणाराही तसलाच. त्याने जोडलेला सांधा पुन्हा उघडत नाही, तुटतो.

तरफेच्या पेनात वाळलेली पिशवी खरवडून काढतात, सांध्यावर चपडा लावतात आणि नवी रबरी पिशवी चढवतात. दुकानात तिला सॅक किंवा नुसतं रबर म्हणतात. सॅकचे नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात. १६ नंबर म्हणजे सोळा चौसष्टांश, अर्थात पाव इंच जाडीची. मोठी घातली तर अंगात घासते, लहान घातली तर शाई कमी मावते. वरून बिनवासाची टाल्क भुकटी लावतात. ही सॅक वापरानुसार वर्षानुवर्षं टिकते, पण कायमची नसते. दट्ट्याच्या जुन्या पेनात बुचाच्या लाकडाचा पडदा असतो, तो सुकून आकसलेला असतो. ५१मध्ये गरज पडली तर चोच शेकून फिरवून काढतात आणि आतल्या चकत्या धुतात. चोचीला पक्कड लावली की ती तडकते. जुन्या बाजारात चीर गेलेल्या चोची दिसतात त्यांतल्या कित्येक अशाच.

निबेचं काम सगळ्यांत नाजूक. जुनी चांगली निब बहुधा १४ कॅरेटची, म्हणजे ५८.५ टक्के सोन्याची असते, म्हणून ती शाईतल्या आम्लाने गंजत नाही. पण सोनं मऊ, कागदावर झिजून जाईल, म्हणून टोकाला कठीण मिश्रधातूचा कण जोडलेला असतो. त्याला सगळे इरिडियम म्हणतात, त्यात इरिडियम असो वा नसो. निब खरखरीत लागते तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा दोष एवढाच असतो, की चिरेच्या दोन बाजूंची पाती वरखाली झालेली असतात. भिंगाखाली धरून नखाने जरा दाबली की जुळतात. घासण्याची गरज नसते, आणि घासलेलं टोक परत येत नाही. म्हणून 'आधी जुळवा, मला विचारल्याशिवाय घासू नका' हे वाक्य पाठ करून ठेवा.

आजोबांची निब तुमच्या हातात थोडी टोचते, त्यामागे आणखी एक कारण असू शकतं. त्यांनी वीस-तीस वर्षं पेन ज्या कोनात धरलं, त्या बाजूने टोक किंचित झिजलेलं असतं. पेन बोटांत थोडं फिरवून बघा. एका जागी ते एकदम लोण्यासारखं चालतं. ती त्यांची पकड.

पाचवी पायरी: माणूस शोधा आणि पेन सोपवा

जुन्या पेठांतल्या स्टेशनरीच्या दुकानांत चौकशी करा. दुकानदार स्वतः करत नसला तरी कोणाकडे पाठवायचं ते त्याला ठाऊक असतं. पेनांच्या प्रदर्शनांत निबा जुळवून देणारे टेबल मांडून बसतात. कोलकात्यात एस्प्लनेडजवळ 'पेन हॉस्पिटल' नावाचं जुनं दुकानच आहे. पेनवेड्यांचे गटही बऱ्याच शहरांत आहेत. तिथे एकाला विचारलं तर पाच जण सल्ला देतात, त्यातले तीन एकमेकांच्या विरुद्ध असतात, पण कारागिराचं नाव मात्र बहुतेकदा एकच निघतं.

भेटल्यावर हे विचारा. अशा प्रकारचं पेन तुम्ही आधी उघडलं आहे का? उघडताना काही तुटलं तर काय करायचं? बदललेले जुने भाग परत द्याल का? बफ लावणार असाल तर कुठे? एकूण किती होतील, आणि अंदाजाच्या वर जाणार असेल तर आधी फोन कराल का? सुटा भाग सहसा स्वस्त असतो, पैसे हाताच्या कामाचे असतात. म्हणून 'एका रबराचे एवढे?' असं म्हणू नका. जो माणूस "जमेल की नाही उघडल्यावर सांगतो" म्हणतो, त्याच्यावर माझा "एका तासात नवं करून देतो" म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

निब बदलली जाण्याची भीती लोक नेहमी बोलून दाखवतात. निबेतलं सोनं ग्रॅमच्याही आत असतं, त्यासाठी सहसा कोणी नाव घालवत नाही. तरीही वर काढलेले निबेचे फोटो इथे कामाला येतात. ते कारागिराला दाखवा, एका चिठ्ठीवर पेनाचं वर्णन, निबेवरची अक्षरं आणि ठरलेलं काम लिहा, दोघांनी सही करा. यात संशय नाही, व्यवहार आहे. चिठ्ठीत 'अंगावरचं नाव जपायचं' हे मोठ्या अक्षरांत लिहा.

पेन दुसऱ्या गावी पाठवायचं असेल तर आधी ते पूर्ण रिकामं आणि कोरडं करा. फडक्यात गुंडाळून इलेक्ट्रिशियन वापरतात त्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घाला, दोन्ही तोंडांना कापूस, मग खोक्यात. नुसत्या बबलच्या पाकिटातून पाठवलेलं पेन वर चढवलेल्या गोणीखाली येतं. विमा उतरवून पाठवा. परदेशात राहणाऱ्यांना सुट्टीत येताना पेन खिशातून आणणं सोयीचं. कुरिअरने मागवलं की दुरुस्तीच्या जुन्या पेनावरही कस्टममध्ये प्रश्न निघतात.

सहावी पायरी: परत घेताना

दुकानातच भरून बघा, आधी पाण्याने. एरोमेट्रिक असेल तर पट्टी दाबून पाणी ओढा, मग रिकाम्या पेल्यात सोडा आणि जोरदार धार येते का बघा. मग शाई. एक ओळ लिहून 'छान' म्हणू नका, अर्धं पान लिहा. पहिल्या ओळीत सगळीच पेनं शहाणी असतात. शाई हळूहळू फिकी होत गेली तर हवेची वाट अजून अडलेली आहे. थेंब पडू लागले तर पिशवी किंवा सांधा हवा धरत नाही. आठवी इयत्ता पास झाल्यासारखं आपलं नाव गिरवण्यापेक्षा मोठी जोडाक्षरं आणि लांब शिरोरेघा काढा. देवनागरीची शिरोरेघ निबेला आडवी ओढते, इंग्रजीत सरळ चालणारी निब तिथे अडखळते. कारागिराने इंग्रजी सही करून तपासलेलं पेन घरी येऊन मराठीत कुरकुरतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

घरी आल्यावर टोपण लावून, निब वर करून रात्रभर ठेवा. सकाळी टोपणात शाई दिसली किंवा निब कोरडी पडली तर दोन-तीन दिवसांत परत न्या, महिन्याने नको.

रोजच्या वापरात

शाई साधी, पाण्याने धुतली जाणारी घ्या. पार्करने क्विंक नावाची शाई आणली १९३१ साली, आणि त्याच वर्षी दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला, पुढे तोच कॅम्लिन झाला. या दोन्ही घराण्यांची निळी शाई जुन्या पेनांना मानवते. चित्रकलेची ड्रॉइंग इंक चुकूनही नको, तिच्यात चपडा असतो आणि तो पेनाच्या आत पॉलिशसारखा बसतो. पेनाबरोबर कपाटात जुनी दौत मिळाली असेल तर ती आठवण म्हणून ठेवा, भरू नका. जुन्या शाईत बुरशी धरते आणि त्या काळच्या काही शाया पेनालाच खायच्या.

ड्रॉपरने भरायच्या पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, नाहीतर बोटं निळी होतात. पेट्रोलियम जेली नको, ती रबराला मारक. हाताच्या उबेने आतली हवा फुगते, म्हणून असं पेन अर्ध्याहून रिकामं झालं की भरावं. रिकाम्या जागेत हवा जास्त, आणि ती शाईला बाहेर ढकलते. खिशाला पडणारा तो प्रसिद्ध डाग इथूनच येतो.

महिन्यातून एकदा पाण्याने धुवा. वापरायचं नसेल तर शाई भरून ठेवू नका. सेल्युलॉइडची पेनं हवाबंद डब्यात कोंडू नका आणि खिडकीतल्या उन्हातही ठेवू नका. पावसाळ्यात चामडी पाकिटाला बुरशी येते, तेव्हा पेन सुती कापडात ठेवलेलं बरं.

आत्याचं पेन व्हॅक्युमॅटिक निघालं. पडदा बदलायला दिला, पाच आठवडे लागले, अंगाला कोणी हात लावला नाही. नावातलं एक अक्षर आधीच थोडं झिजलेलं होतं, ते तसंच आहे. तिने त्याने पहिली गोष्ट लिहिली ती वाण्याची यादी: तूरडाळ दोन किलो, गूळ, आगपेट्या.